शितावरून भात

भाचीच्या हळदीचा अल्बम लॅबमधून आला त्या संध्याकाळी बहिणीने तो मांडीवर घेतला, चार शीट उलटली आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "दादा, हिच्या साडीला काठ होता की रे."

होता. चांगला बोटभर रुंद, सोनेरी जरीचा. साडी घ्यायला मीच बरोबर गेलो होतो. फोटो मीच काढले होते आणि रात्री जागून कॉम्प्युटरवर ते निगुतीने तयारही मीच केले होते. पण बारा बाय छत्तीस इंचांच्या त्या शीटवर नवरी नुसती पिवळीधमक दिसत होती. काठ पदरात विरघळला होता, निऱ्या पुसल्या गेल्या होत्या. समोरच्या पानावर संध्याकाळच्या मांडवातला फोटो होता. त्यात आत्याबाईंच्या गालावर रवा सांडल्यासारखे दाणे.

दुसऱ्या दिवशी मी भांडायच्या तयारीने लॅबमध्ये गेलो. काउंटरमागच्या माणसाने काही न बोलता माझीच फाइल उघडली, शंभर टक्के मोठी केली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. "साहेब, फाइलमध्येच काठ नाहीये. आम्ही कुठून आणायचा?"

"पण माझ्या स्क्रीनवर तर बरोबर दिसत होतं!"

तो हसला. लग्नसराईत हे वाक्य तो दिवसातून दहादा ऐकत असणार. मी मात्र ते पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडून ऐकलं. मला दिसलं ते काय होतं, फाइलमध्ये होतं ते काय, आणि दोन्हींच्या मधे काठ कुठे गेला? त्या प्रश्नाच्या मागे लागून पुढचे काही महिने मी जे वाचलं, करून पाहिलं आणि लॅबवाल्यांकडून, फोटोग्राफर मित्रांकडून शिकलो, ते इथे मांडतो आहे.

तांदूळ आणि भात

कॅमेरा उजेडाची जी कच्ची नोंद ठेवतो, त्या रॉ फाइलमध्ये फोटो असतो, अशी आपली समजूत असते. गडबडीची सुरुवात तिथेच होते.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही. त्याला कळतो फक्त उजेड, कमी किंवा जास्त. रंग ओळखता यावा म्हणून सेन्सरच्या प्रत्येक टिंबावर एकेक इवलीशी रंगीत गाळणी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतले शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांनी ही मांडणी बसवली, तिचं अमेरिकन पेटंट १९७६ सालचं. चार टिंबांच्या चौकोनात दोन हिरव्या गाळण्या, एक लाल, एक निळी. हिरव्याला दुप्पट जागा, कारण उजेडातले बारीक फरक आपला डोळा मुख्यतः हिरव्याच्या पट्ट्यात टिपतो. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १ कोटी २० लाख टिंबं फक्त हिरवं मोजतात, ६० लाख लाल आणि ६० लाख निळं. प्रत्येक टिंबाला एकच आकडा ठाऊक असतो. उरलेले दोन रंग शेजारच्या टिंबांना विचारून ठरवावे लागतात.

रॉ फाइल म्हणजे या आकड्यांची वही. प्रत्येक आकडा साधारणपणे १२ किंवा १४ बिटांचा, म्हणजे उजेडाच्या ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्यांपैकी एक. नेहमीच्या जेपेगमध्ये दर रंगाला २५६ पायऱ्या असतात, यावरून या वहीत किती ऐवज आहे ते कळेल. पण तो ऐवज शिजलेला नसतो. पांढरं कशाला म्हणायचं, उजेडाचा चढ कसा ठेवायचा, कुठला लाल कुठल्या लालाशी जुळवायचा, कडा किती धारदार करायच्या, यातलं काहीच ठरलेलं नसतं. रॉ म्हणजे धुऊन ठेवलेले तांदूळ. भात व्हायचा आहे, आणि आचारी म्हणजे आपलं सॉफ्टवेअर.

या आचाऱ्यांमध्ये मुळापाशी असलेलं एक नाव डेव्ह कॉफिन यांचं. १९९७ साली त्यांनी 'डीसीरॉ' हा छोटा प्रोग्राम लिहिला आणि फुकट वाटला. पुढे कितीतरी सॉफ्टवेअरनी त्याचा आधार घेतला. डीसीरॉची गंमत अशी, की त्यात प्रिव्ह्यू नावाची गोष्टच नव्हती. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, आकडे द्यायचे आणि तयार झालेली फाइल उघडून बघायची. आवडली नाही तर आकडे बदलून पुन्हा. कंटाळवाणं खरं, पण त्यात फसगत नव्हती. जे बघायचं ते शेवटचंच.

मग २००३ मध्ये अडोबी कंपनीचा 'कॅमेरा रॉ' हा प्रोग्राम आला. फोटोशॉपचे एक जनक थॉमस नोल यांनी तो लिहिला. २००७ च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती बाजारात आली. आता स्लायडर सरकवला की चित्र डोळ्यांसमोर बदलू लागलं. सोय झाली, आणि त्या सोयीबरोबर 'पण माझ्या स्क्रीनवर तर' हे वाक्यही जन्माला आलं.

कॅमेऱ्याच्या पाठीवरचा आरसा

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. रॉच्या बाबतीत काकण हातात नसतंच. असतात ते नुसते आरसे, आणि प्रत्येक आरशाचं पाणी वेगळं.

पहिला आरसा कॅमेऱ्याच्या पाठीवर. आपण रॉवर शूट करत असलो तरी मागच्या स्क्रीनवर दिसतं ते कॅमेऱ्याने स्वतःच्या चवीने पटकन शिजवलेलं जेपेग. तेच जेपेग रॉ फाइलच्या पोटात ठेवलेलंही असतं. वृत्तपत्रांचे फोटोग्राफर मैदानावरून दोन-दोन हजार फोटो झपाट्याने चाळतात ते याच्याच जोरावर. त्यांच्यात लोकप्रिय असलेला फोटो मेकॅनिक हा प्रोग्राम रॉ शिजवत बसत नाही, पोटातलं जेपेग काढून दाखवतो.

घरी येऊन कार्ड लावलं की एक ओळखीचा प्रसंग घडतो. लाइटरूममध्ये फोटो क्षणभर झकास दिसतो आणि बघता बघता मलूल होतो. रंग उतरतात, चेहरा सपाट होतो. नवशिक्याला वाटतं सॉफ्टवेअरने फोटो बिघडवला. प्रत्यक्षात पहिल्या क्षणी दिसलं ते कॅमेऱ्याचं जेपेग आणि नंतरचं लाइटरूमने स्वतः शिजवलेलं. तांदूळ तेच, आचारी बदलला. यातलं 'खरं' कुठलं, असं विचारलं तर उत्तर एकच: दोन्ही खरी, किंवा एकही नाही. ही कुरबूर मिटवायची धडपड सगळ्यांनीच केली. अडोबीने कॅमेऱ्याच्या रंगांशी मेळ घालणारी प्रोफाइलं दिली. रॉथेरपी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने २०१८ च्या ५.४ आवृत्तीपासून पोटातलं जेपेग पाहून त्याच्यासारखा उजेडाचा चढ आपोआप बसवायची सोय केली.

या पहिल्या आरशाची खोड फक्त रंगापुरती नाही. कॅमेऱ्यावर दिसणारा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा तो डोंगरासारखा आलेख, बहुतेक कॅमेऱ्यांत त्या जेपेगवरूनच काढलेला असतो. दिवसाच्या उजेडात सेन्सरला हिरवं भरपूर मिळतं, लाल आणि निळं कमी. ते समतोल करायला लाल आकड्यांना दीडपट-दुप्पट करावं लागतं. साहजिकच जेपेगमध्ये लाल रंग काठोकाठ भरून वाहिलेला दिसतो, तेव्हा रॉमध्ये अजून जागा शिल्लक असू शकते. लाल शालूतली नवरी पाहून कॅमेरा 'बर्न झालं' म्हणून लुकलुकतो, आपण घाबरून एक्स्पोजर खाली घेतो आणि मग तोच फोटो घरी उजळताना सावल्यांतून दाणे वर येतात. दुखणं नसताना घेतलेल्या औषधाचा हा परिणाम.

आधी ढवळा की आधी मीठ घाला?

आता मुख्य आरशाकडे येऊ: सॉफ्टवेअरच्या मधल्या खिडकीत दिसणारं मोठं चित्र. आपण तासन्‌तास बघतो ते हेच.

२४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६,००० बाय ४,००० टिंबं. साधा फुल एचडी स्क्रीन १,९२० बाय १,०८० चा. पूर्ण फोटो त्यात बसवला तर त्याच्या वाट्याला फार तर १,६२० बाय १,०८० टिंबं येतात, जेमतेम साडेसतरा लाख. म्हणजे स्क्रीनवरच्या एका टिंबात फोटोतली जवळपास चौदा टिंबं कोंबलेली असतात. चौदांची सरासरी घेतली की त्यांच्यातला वेडावाकडा गोंगाट, म्हणजेच ते दाणे, एकमेकांना खातो. गणिताच्या नियमाने तो चौदाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे पावणेचार पटींनी कमी दिसतो. मांडवातला फोटो माझ्या स्क्रीनवर तुळतुळीत दिसत होता तो यामुळे. बारा बाय छत्तीसच्या शीटवर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० टिंबांनी, ३६ इंचांना १०,८०० टिंबं लागतात. माझी ६,००० टिंबं तिथे ताणली गेली. स्क्रीनवर आक्रसलेला फोटो कागदावर पसरला आणि आत्याबाईंच्या गालावर रवा उगवला.

इथवर दोष आकाराचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही. पण खरी मेख पुढे आहे. स्लायडर सरकवताना चित्र सुरळीत हलायचं तर सेकंदाला तीसेक वेळा ते नव्याने काढावं लागतं. २ कोटी ४० लाख टिंबं गुणिले ३० म्हणजे सेकंदाला ७२ कोटी टिंबं, आणि प्रत्येक टिंबावर डझनावारी क्रिया. म्हणून सॉफ्टवेअर युक्ती करतं. फोटो आधी लहान करून घेतं आणि सगळ्या क्रिया त्या लहान प्रतीवर करतं. एक्सपोर्टच्या वेळी मात्र आधी पूर्ण फोटोवर क्रिया होते.

क्रम बदलला तर काय बिघडलं, असं वाटेल. कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब करून पाहा. जरीच्या काठावरची शेजारशेजारची दोन टिंबं घ्या, एक सावलीतलं, एक चमकणारं. सोयीसाठी आकडे ० ते २५५ मधले धरू: पहिलं ४०, दुसरं २००. आता उजेड दुप्पट करायचा आहे.

पहिली रीत: आधी उजेड वाढवा. ४० चे ८० झाले. २०० चे ४०० व्हायला हवे होते, पण भांडं २५५ लाच भरतं, वरचं सांडून गेलं. ८० आणि २५५ ची सरासरी साधारण १६७.

दुसरी रीत: आधी सरासरी घ्या. ४० आणि २०० ची १२०. मग दुप्पट करा: २४०.

तेच तांदूळ, तेच मीठ, फक्त क्रम वेगळा. एका रीतीत १६७, दुसरीत २४०. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या रीतीत काहीच सांडलेलं दिसत नाही. २४० हा आकडा बिनधोक आहे, त्यामुळे धोक्याची लाल खूणही उमटत नाही. प्रत्यक्ष फाइलमध्ये अर्धी चमक जळून गेलेली असते. कडा धारदार करणं, दाणे घालवणं, उजेडाचा चढ वाकवणं, या सगळ्या क्रिया अशाच वाकड्या स्वभावाच्या. लहान प्रतीवर त्यांचा निकाल एक येतो, मोठीवर दुसरा.

डार्कटेबल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा प्रकार अगदी उघडपणे पाहता येतो. त्याच्या एक्सपोर्टच्या खिडकीत उच्च दर्जाच्या आकारबदलासाठी एक पर्याय आहे. तो बंद ठेवला तर फोटो आधी लहान होऊन मग शिजतो. चालू केला तर पूर्ण शिजून मग लहान होतो. तोच फोटो दोन्ही पद्धतींनी काढून शेजारी ठेवा. बारीक विणीच्या कापडावर आणि चमकत्या दागिन्यांवर फरक शोधावा लागत नाही.

प्रत्येकाची सांगायची तऱ्हा

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे माहीत नाही असं नाही. ते सांगतातही, फक्त हळू आवाजात. कॅमेरा रॉच्या कडा आणि दाण्यांच्या विभागात बरीच वर्षं एक बारीक ओळ दिसत असे: अचूक प्रिव्ह्यूसाठी फोटो शंभर टक्के किंवा त्याहून मोठा करा. रॉथेरपीत काही साधनांशेजारी '१:१' अशी खूण असते. त्याचा अर्थ, शंभर टक्क्यांवर गेल्याशिवाय या साधनाचं काम दिसणार नाही. डीएक्सओ कंपनीच्या फोटोलॅब या सॉफ्टवेअरमध्ये कडा आणि दाण्यांच्या सुधारणा ७५ टक्क्यांहून लहान आकारात दिसत नसत. त्यांचं २०२० मध्ये आलेलं डीपप्राइम हे दाणे घालवायचं तंत्र इतकं जड, की त्याचा निकाल मुख्य चित्रात न दाखवता बाजूच्या छोट्या भिंगात दाखवत. पूर्ण फोटो दिसायचा तो एक्सपोर्टनंतरच. २०२३ च्या एप्रिलमध्ये लाइटरूममध्ये एआयवर चालणारं डीनॉइज आलं, त्यातही आधी छोट्या चौकटीत नमुना बघायचा आणि मग वेगळी फाइल तयार होण्याची वाट पाहायची, अशीच व्यवस्था होती.

लाइटरूम क्लासिकचं तर एकाच घरात दोन चुली असल्यासारखं आहे. फोटो लावण्या-निवडण्याच्या लायब्ररी या भागात आधीच करून ठेवलेली जेपेग दिसतात, तर डेव्हलप या भागात चित्र त्या क्षणी नव्याने रंगवलं जातं. म्हणून तोच फोटो एका भागातून दुसऱ्यात गेलं की किंचित वेगळा दिसतो, दाणे कधी वाढतात, कधी कमी होतात. त्यात २०१३ पासून स्मार्ट प्रिव्ह्यूची सोय झाली. मूळ फाइली दुसऱ्या डिस्कवर असल्या तरी २,५६० टिंबांच्या लांब बाजूची हलकी प्रत घेऊन काम करता येतं. प्रवासात हे वरदान आहे. पण त्या प्रतीवर 'शंभर टक्के' केलं तरी ते त्या प्रतीचे शंभर टक्के असतात, मूळ फोटोचे नव्हेत.

शंभर टक्के हाही काही अंतिम शब्द नाही. इरकलची बारीक चौकडी किंवा खणाची वीण घ्या. पूर्ण फोटो बघताना त्यावर कधी कधी पाण्यावर तेल पसरावं तसे रंगीत पट्टे दिसतात. शंभर टक्क्यांवर गेलं की गायब. म्हणजे पट्टे फोटोत नव्हतेच, स्क्रीनसाठी घाईने लहान करताना ते उपजले. कधी याच्या उलटही होतं. सेन्सरची जाळी आणि कापडाची वीण यांची टक्कर होऊन पट्टे फाइलमध्येच पडतात आणि लहान चित्रात लपून राहतात. कुठला पट्टा खरा आणि कुठला भास, हे एका नजरेत ठरत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो म्हणून. फोटोत आकाश एक रीतीने शिजतं, जर दुसऱ्या, गाल तिसऱ्या. पूर्ण चित्र बघणं म्हणजे झाकण उघडून वरून पाहणं, शंभर टक्के म्हणजे एक शीत चेपून बघणं. दोन्ही करावं लागतं, आणि शितं चार कोपऱ्यांतून घ्यावी लागतात.

ओला प्रिंट, वाळलेला प्रिंट

यावर कोणी म्हणेल, डिजिटलची ही कटकट, जुनं बरं होतं. मी डार्करूममध्ये उमेदीची काही वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो: प्रिव्ह्यू तेव्हाही खोटं बोलायचा.

तांबड्या दिव्यात डेव्हलपरच्या ट्रेमधून चित्र वर येताना दिसलं की नवशिक्याला ते लगेच गडद झालेलं वाटायचं आणि तो कागद वेळेआधीच उचलायचा. उजेडात पाहिलं की फिकट. हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातून, निघालेला ओला प्रिंट चमकदार, पांढरं कसं लख्ख. तोच रात्रभर वाळला की सकाळी एक छटा काळवंडलेला. म्हणून जुनी माणसं ओला प्रिंट 'जरा जास्तच उजळ' वाटेल असा काढत, वाळल्यावर बरोबर बसायचा. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी झोन सिस्टिमसारखी उजेड मोजायची शिस्त घालून दिली, पण वाळल्यावरच्या काळोखीचा त्यांनाही जाच होताच. चाचणीच्या पट्ट्या ते चक्क मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये वाळवत आणि मगच निर्णय घेत. ओल्या प्रिंटवर त्यांचा विश्वास नव्हता. आपण ज्याला एक्सपोर्ट करून तपासणं म्हणतो, ते त्यांनी ओव्हनमध्ये केलं.

फरक इतकाच, की डार्करूममध्ये कोणत्या पायरीवर किती फसगत होते हे हाताला माहीत झालेलं असे. कॉम्प्युटरवरचं चित्र इतकं देखणं आणि इतकं तत्पर असतं की संशय येतच नाही.

काठ कुठे गेला

दाण्यांचा उलगडा झाला. काठाचा राहिला. त्याची गोष्ट रंगांच्या अंगणाची आहे.

लाइटरूम आतल्या आत फार मोठ्या रंगसंचात काम करतं. माझ्या लॅपटॉपचा स्क्रीन पी-३ या ऐसपैस संचाचा आहे. मुळात सिनेमाच्या पडद्यासाठी केलेला हा संच २०१६ च्या आयफोन ७ पासून खिशाखिशात पोहोचला. लॅबला मात्र फाइल हवी असते एसआरजीबीत. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झालेला हा संच त्या काळच्या साध्या मॉनिटरना पुरेल एवढाच आहे. झेंडूची फुलं, हळद, उन्हातली पिवळी साडी यांचे गर्द रंग त्याच्या कुंपणाबाहेर जातात.

बाहेरच्या रंगाचं काय होतं? तो ओढून कुंपणाजवळ आणला जातो. साडीचा पिवळा आणि काठाचा सोनेरी हे दोघे बाहेर वेगवेगळ्या जागी उभे होते. मी वर हौसेने रंगाचा स्लायडरही पुढे सारला होता. एक्सपोर्टच्या वेळी दोघांनाही आत ओढलं, आणि दोघे कुंपणाच्या एकाच खांबाला येऊन टेकले. काठ हरवला तो तिथे. माझ्या स्क्रीनने खोटं दाखवलं नव्हतं. त्याने माझ्या घरचं दाखवलं, लॅबच्या घरचं नाही.

यावर उपाय लाइटरूमच्या २०१२ मधल्या चौथ्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. सॉफ्ट प्रूफिंग नावाचा पर्याय चालू केला की कागदाचं किंवा एसआरजीबीचं कुंपण कुठे पडेल ते आधीच दिसतं आणि बाहेर गेलेले रंग वेगळ्या रंगाने खुणावतात. एक कळ दाबायची असते. मी दाबली नव्हती.

स्क्रीनच्या उजेडाचंही तसंच. प्रिंटसाठी काम करताना मॉनिटरचा उजेड दर चौरस मीटरला साधारण ८० ते १२० कँडेला ठेवावा असं छपाईतले लोक सांगतात. दुकानातून आणलेला लॅपटॉप पूर्ण उजेडावर अनेकदा ३०० च्या पुढे जातो. अशा झगमगाटात जो फोटो बरोबर वाटतो, तो कागदावर काळोखा येणारच. त्यात रात्री आपोआप स्क्रीन पिवळट करणारी सोय चालू राहिली, तर नवऱ्यामुलाचा पांढरा सदरा निळसर झालाच म्हणून समजा.

साक्षीला कोणाला बोलवायचं?

हा प्रश्न अल्बमपुरता असता तर बहिणीची समजूत काढून मिटला असता. पण फोटो पुरावाही असतो. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्या फ्रीलान्स छायाचित्रकारांना कळवलं, की रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून निघालेलं जेपेगच पाठवा. कारणं दोन: वेग आणि सचोटी. त्याच वर्षीच्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत पोहोचलेल्या प्रवेशिकांपैकी २० टक्के बाद झाल्या. मूळ फाइलींशी ताडून पाहताना काहींमध्ये वस्तू पुसल्या किंवा वाढवल्याचं आढळलं, तर काहींमध्ये उजेड इतका वाकवला होता की तपशील काळोखात गडप झाले होते.

रॉयटर्सची बाजू समजते, पण ती पूर्ण पटत नाही. कॅमेऱ्याचं जेपेगही शिजवलेलंच असतं, फक्त आचारी जपानी कारखान्यात बसलेला असतो. त्याच्यावर विश्वास ठेवणं सोयीचं आहे, कारण तो सगळ्यांना एकच चव वाढतो. रॉ फाइलचं मोल वेगळं: ती सांगते की तांदूळ किती होते आणि कोणते. भात कसा दिसत होता, हे तिला विचारून उपयोग नाही.

तुळशीच्या लग्नाआधी

दरवर्षी तुळशीचं लग्न लागलं की पाठोपाठ माणसांची लागतात. घरोघरी एखादा मामा, एखादा चुलतभाऊ कॅमेरा घेऊन उभा असतो, आणि गावोगावी अल्बम डिझाइन करणारी पोरं रात्री जागवतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी, सगळ्या फुकटच्या.

स्क्रीनचा उजेड खाली आणा आणि रात्रीचा पिवळेपणा बंद करा. दाणे आणि कडा यांचा निर्णय शंभर टक्क्यांवर घ्या, तोही एका चेहऱ्यावर नको: एक गाल, एक सावली, एक जर, एक केसांची बट. हळद, झेंडू, कुंकू, लाल शालू असलेला प्रत्येक फोटो सॉफ्ट प्रूफिंग लावून एकदा पाहा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लॅबला पाठवण्याआधी रॉ बंद करा आणि एक्सपोर्ट झालेलं जेपेग वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा. लॅब तेच छापणार आहे. दोनशे फोटोंपैकी दहा बघितले तरी चालतील, पण बघा.

त्या पानासाठी मी पुन्हा बसलो. पिवळा रंग दोन पायऱ्या मागे घेतला, काठावर उजेड थोडा उतरवला, आत्याबाईंचे दाणे शंभर टक्क्यांवर बसून घालवले, जेपेग उघडून तपासलं आणि शीट पुन्हा छापून घेतलं. काठ आला. बहीण काही बोलली नाही, तिने फक्त पान उलटलं.

दुसऱ्यांदा छापलेल्या शीटचे पैसे लॅबने पूर्ण घेतले. मी घासाघीस केली नाही.